उजेड सोडा

गेल्या श्रावणात गणपती बुक करायला गेलो होतो. नाशिकला जेलरोडला दरवर्षी एक पत्र्याची शेड लागते, बाबांच्या काळापासून आमचा गणपती तिथूनच येतो, त्यामुळे दुसरीकडे बघायचा प्रश्नच नसतो. आत पाऊल टाकलं की आधी वास येतो, ओल्या शाडूचा आणि रंगाचा एकत्र, आणि बाहेर पाऊस असला की त्यात भिजलेल्या गोणपाटाचा पण. लेक रांगांमधून फिरत होती, हा नको याचा उंदीर रागावलाय, हा नको याचं पोट छोटंय, असं तिचं चाललेलं, आणि मी आपला कोपऱ्यात गेलो कारण तिथे एक माणूस डोळे काढत बसला होता. पन्नाशीचा असेल. मांडी घालून बसलेला, समोर गोल फिरणारा पाट, त्यावर गणपती. त्याच्या एका अंगाला बिनडोळ्यांचे पंधरा-वीस गणपती, दुसऱ्या अंगाला डोळेवाले, आणि मध्ये हा. करंगळी सोंडेवर टेकवायची, श्वास सोडायचा, वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायची, मग मान जरा मागे घेऊन बघायचं आणि दुसरा डोळा. दोन्ही झाले की पाट फिरवून मूर्ती उचलून पलीकडे. पुन्हा एकदा वळून बघणं वगैरे काही नाही. मला त्याचा ब्रश कितीचा आहे ते बघायचं होतं, झिरो की डबल झिरो, म्हणून मी अजून पुढे सरकलो, त्याच्या डाव्या हाताला जे दार होतं त्याच्या उंबऱ्याशी, गुडघ्यावर हात ठेवून वाकलो.

"भाऊ, उजेड सोडा."

एवढंच. वर पण बघितलं नाही त्याने. आवाजात राग नव्हता, बसमध्ये 'जरा पुढे सरका' म्हणतात तसं. मी चटकन बाजूला झालो, सॉरी म्हणालो, ते त्याने ऐकलं असेल असं वाटत नाही. लेकीने गणपती निवडला, मी ॲडव्हान्स दिला, चिठ्ठी खिशात टाकली आणि इंदिरानगरला घरी येईपर्यंत, बिटकोचा सिग्नल, द्वारकाचं ट्रॅफिक, सगळीकडे डोक्यात तेच. आता कुणी बाजूला हो म्हटलं म्हणून एवढं लागायचं काही कारण नव्हतं, आणि लागलं पण ते नाहीच. लागलं ते असं की त्या माणसाच्या उजव्या अंगाचा ढीग माझ्या डोळ्यांसमोर कमी होत होता, आणि माझ्या घरी एक्केचाळीस माणसं बिनडोळ्यांची उभी होती, त्यातली काही तर पाच वर्षांपासून.

माणसं म्हणजे मिनिएचर. प्लास्टिकची, करंगळीच्या दोन पेरांएवढी. वॉरहॅमर ४०,००० म्हणून टेबलावर मांडून खेळायचा एक युद्धाचा खेळ आहे, नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप कंपनी काढते, १९८७ पासून चालू आहे. त्यातले सैनिक तयार येत नाहीत. प्लास्टिकच्या चौकटीत हात, पाय, मुंडकी, बंदुका असे सुटे अडकलेले असतात, तिला स्प्रू म्हणतात, त्यातून ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि मग खेळायचं. मी पहिली चार कामं करतो, पाचवं जवळपास नाहीच. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा रूममेटने एक जादाचा सैनिक हातात दिला, म्हणाला रंगवून बघ, टाइमपास होईल. त्या रात्री दोन वाजेपर्यंत जागलो आणि सकाळी उजेडात बघितलं तर सैनिक असा दिसत होता जणू कुणी त्याला रंगाच्या डब्यात बुडवून काढलाय. रंग पातळ करायचा असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पण त्या दोन वाजेपर्यंतच्या चार तासांत मी एकदाही फोन बघितला नव्हता, ते मात्र लक्षात राहिलं, आणि पुढच्या महिन्यात पगार झाला तसा पहिला खोका आला. मग नाशिकला परत आलो, अंबडला कंपनी मिळाली, लग्न, लेक, आणि खोके येत राहिले.

यातलं सगळ्यात गाजलेलं सैन्य म्हणजे स्पेस मरीन. धिप्पाड, अंगभर चिलखत, हेल्मेटात तोंड झाकलेलं, डोळ्यांच्या जागी नुसती काच. शहाणी माणसं तेच घेतात. कमी माणसांत सैन्य होतं आणि चेहरा रंगवायची भानगड नाही, काचेवर लाल टिपका दिला की झालं. मी घेतले इम्पीरियल गार्ड. ही साधी माणसं. त्यांच्यापेक्षा दुप्पट मोठ्या राक्षसांपुढे एक बंदूक घेऊन उभी राहणारी, संख्येच्या जोरावर लढणारी आणि पटापट मरणारी, डोक्याला टोप पण तोंड उघडं. का घेतले असं बायकोने विचारलं होतं तेव्हा मी काहीतरी खेळातलं डावपेचाचं कारण सांगितलं, पण खरं कारण मावळे.

दिवाळीत आमच्या कॉलनीत दर घरासमोर किल्ला व्हायचा. दगड, विटा, गोणपाट, त्यावर चिखल, चिखलावर मोहरी नाहीतर अळीव पेरायचे, चार दिवसांत हिरवळ. मावळे बिटको चौकातून आणायचे, मातीचे, रुपया-दोन रुपयाला एक, तोफवाला असला तर जास्त. वर्तमानपत्रात गुंडाळलेले असायचे आणि घरी येईपर्यंत एखाद्याची मान गेलेलीच असायची. आजी तुटलेल्यांना फेकू द्यायची नाही, डालड्याच्या डब्यात ठेवायची, पुढच्या वर्षी जखमी म्हणून किल्ल्याच्या पायथ्याशी निजवायची. त्या डब्यातला एक अजून माझ्याकडे आहे. भाला गेलाय, एक पाय गेलाय, भगव्या पागोट्याचा रंग उडून आतली माती दिसते. डोळे मात्र आहेत. दोन काळे टिपके, काडेपेटीच्या काडीने दिल्यासारखे, एक डोळ्याच्या जागी आणि दुसरा जवळजवळ गालावर. ज्या बाईने किंवा माणसाने ते दिले त्याने अर्धा सेकंद पण घालवला नसेल, त्याच्यापुढे पाचशे अजून असतील. आणि तरी हा मावळा बघतो. टेबलावर कुठेही ठेवा, बघतो. माझे सैनिक सात-सात थर चढवलेले, खाकीवर वॉश म्हणजे पातळ गडद रंग, वॉशवर ड्रायब्रश म्हणजे जवळपास कोरड्या ब्रशचा हात, बुटांच्या टोकांना चिखल, आणि टोपाखाली एक गुळगुळीत तपकिरी काहीतरी.

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला नुसतं प्रेस म्हटलं की पुरतं. पोस्टाच्या तिकिटांच्या शीट तपासायचं काम, अख्खी नोकरी त्यात गेली, आत काय चालतं यावर घरी कधी बोलले नाहीत, आम्ही पण विचारायचं नाही हे शिकलेलो. पण सवय घरी आली. भिंतीवर कॅलेंडर तिरकं असलं की ते बघायच्या आधी त्यांना कळायचं. मी पहिल्यांदा नीट जमलेला सैनिक त्यांना दाखवला, खरंच बरा जमला होता, तर त्यांनी भिंग आणलं, खिडकीशी गेले, फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाले, "इथे शिवण राहिलीय." शिवण म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली बारीक रेघ, ती रंगवायच्या आधी घासायची असते, हाताखाली राहून गेली होती, दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जाणारच नाही. बरा झालाय असं ते म्हणाले नाहीत. वाईट झालाय असंही नाही. शिवण दाखवली आणि पेपर वाचायला बसले. आणि नंतर कधीतरी ती एक्केचाळीस जणांची रांग बघितली तेव्हा म्हणाले, "यात एक रंग छापायचा राहिलाय का रे?"

त्यांना गंमत करायची होती. मला ते आठवडाभर पुरलं.

ऑफिसमध्ये माझं काम प्लॅनिंगचं. म्हणजे कुठला माल कुठल्या मशीनवर कधी जायचा, काय पेंडिंग आहे, का पेंडिंग आहे, कुणामुळे अडलंय, हे दिवसभर. शॉपफ्लोअरवर अर्धवट माल साठला की मी स्वतः जाऊन सुपरवायझरशी वाद घालतो, की भाऊ नवीन कशाला चालू करता, आधी हे काढा. आणि घरी बाल्कनीच्या कपाटात माझा स्वतःचा अर्धवट माल चार कप्प्यांत. यावर उपाय म्हणून एकदा एक्सेल केली होती. प्रत्येक सैनिकाची एक ओळ, जोडणी, प्रायमर, बेसकोट, वॉश, हायलाइट, चेहरा, बेस म्हणजे पायाखालची चकती, असे रकाने, झालं की हिरवं. ती फॉरमॅट करण्यात तीन संध्याकाळी गेल्या, त्या तीन संध्याकाळी रंगवलं असतं तर पाच-सहा माणसं झाली असती. मग नियम केला की पाच पूर्ण झाल्याशिवाय नवीन खोका नाही. अकरा दिवस पाळला. मग दहा-दहाचा घाणा काढून बघितला, म्हणजे आधी दहा जणांचे बूट, मग दहा जणांचे पट्टे, मग दहा जणांच्या बंदुका. त्याने काम पळतं हे खरं आहे, पण सातव्या माणसाच्या डाव्या बुटाशी आलं की पापड लाटायला बसलेल्या बाईसारखी पाठ धरते आणि पापडाला निदान शेजारणी गप्पा मारायला असतात. तरी त्याने एक झालं, बूट, पट्टे, बंदुका सगळ्यांचे झाले. हिरवे रकाने वाढत गेले. फक्त चेहऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत पांढरं. जे मला कंपनीत पाच मिनिटांत दिसलं असतं, की सगळा माल एकाच ऑपरेशनला अडलाय, ते स्वतःच्या शीटवर दोन वर्षं दिसलं नाही.

गणपतीच्या आधी माळा आवरायला काढला तेव्हा अजून एक प्रकार झाला. सेंटिनेल म्हणून एक दोन पायांवर चालणारं यंत्र आहे या गार्डांचं, कोंबडीसारखे उलटे गुडघे, वर बसायला पिंजरा. फार आवडतं मला. त्या आठवड्यात कुरिअरने आलं होतं, अजून प्लास्टिक पण काढलं नव्हतं. बायको माळ्यावरून एकेक देत होती, जुना मिक्सर, हीटरचा खोका, आणि मग हातात तोच सेंटिनेल, सीलबंद, धूळ बसलेला. २०१९ मध्ये घेतलेला. तिने दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, थोडं मागे जाऊन बघितलं आणि म्हणाली, "जुळं झालं की रे." चार-साडेचार हजाराची वस्तू दोनदा. घरात कुणी ओरडलं नाही, तेच जास्त झालं. मी म्हणालो एक विकून टाकतो. ती म्हणाली, "कुठला विकशील, जुना की नवा?" आणि खरंच मला ठरवता येईना. जुना घेतला तेव्हा लेक व्हायची होती, रात्री जागरणं होतील तेव्हा हळूहळू रंगवू असं डोक्यात होतं, म्हणजे किती भोळा होतो बघा. नवा घेतला तेव्हा काय डोक्यात होतं ते आठवतच नाही. नुसता सेल होता.

प्रायमरचं एक सांगायचं राहिलं, कारण दरवेळी मी उशिराचं खापर त्याच्यावर फोडतो आणि ते अगदीच खोटं नाही. रंग धरावा म्हणून आधी स्प्रेने अस्तर मारावं लागतं, आणि त्याला हवा लागते बरोबर. जून ते सप्टेंबर नाशकात मारला तर दमट हवेने खरखरीत होतो, सैनिक रव्यात लोळून आल्यासारखे दिसतात. एप्रिल-मेमध्ये उलटं, थेंब हवेतच सुकतो आणि अंगावर पावडर बसते. म्हणजे दिवाळी ते होळी, एवढाच काय तो सीझन, त्यातही भल्या पहाटे थंडीने डबा नीट उडत नाही. एका वर्षी मला दम निघाला नाही, एप्रिलमध्ये सकाळी सातला गच्चीवर गेलो, खोक्याच्या पुठ्ठ्यावर दहा जण चिकटवलेले, काळा स्प्रे, वारा नाही असं बघून. वारा होता. पाण्याच्या टाकीच्या पलीकडे शेजारच्या काकूंच्या कुरडया साडीवर वाळत होत्या, ताज्या, पांढऱ्याशुभ्र, त्या मला दिसल्याच नाहीत. साधारण पंधरा कुरडयांवर एका बाजूने बारीक काळी झाक आली. मी आधी बोटाने पुसायचा प्रयत्न केला, त्याने पसरली. खाली जाऊन सांगितलं. काकू वर आल्या, बघितलं, म्हणाल्या, "नाचणीच्या म्हणून खपवते आता," मग माझ्या हातातला पुठ्ठा बघून, "आणि हे काय रे, कुणाची एवढी माणसं?" पंधरा कुरडयांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, पण अजून दर उन्हाळ्यात गच्चीवर जायच्या आधी दारावर टकटक करून विचारतात, आज तुझी फवारणी नाही ना.

बाकी सामान इथलंच. फटी बुजवायला एमसील, चिकटवायला फेविक्विक, बेसवर फेविकॉल पसरून गोदावरीची वाळू, सोमेश्वरहून एकदा डबाभर आणली ती अजून पुरतेय. उन्हाळ्यात ॲक्रिलिक दोन मिनिटांत वाळतं म्हणून डब्याच्या झाकणात ओला स्पंज, वर बटर पेपर, त्यावर रंग काढला की संध्याकाळभर ओला राहतो. अंगाचा रंग कंपनीचा मिळतो, केडियन फ्लेशटोन नावाचा, पण तो फारच गोरा गुलाबी, मी त्यात कॅमलचा बर्न्ट सिएना घालतो. माझे गार्ड सिन्नर-निफाडकडचे वाटले पाहिजेत. तसे वाटतात पण. कांद्याची गाडी खाली करून आलेत असे.

फक्त डोळे.

२८ मिलिमीटरच्या मापाला चेहरा चार-साडेचार मिलिमीटरचा येतो आणि डोळा अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. पद्धत सगळ्यांना माहीत असते. आधी खोबणीत गडद तपकिरी, मग त्यात मळकट पांढऱ्याची आडवी काडी, पांढरंशुभ्र नाही घ्यायचं, नाहीतर भूत दिसतं, मग बुबुळ म्हणून टिपका द्यायचाच नाही, वरून खाली उभी रेघ ओढायची, म्हणजे वर-खाली थोडी पापणीवर गेली तरी चालते, आणि मग अंगाच्या रंगाने कडा आवरून घ्यायच्या. टिपका दिला की माणूस दचकल्यासारखा दिसतो. हे सगळं मला पाठ आहे. आणि यातला सगळ्यात मोठा सल्ला, जो जगभरचे रंगवणारे देतात, तो असा की डोळे आधी काढा. चेहऱ्याचं काही करायच्या आधी डोळे, म्हणजे बिघडले तरी वरून रंग मारून पुन्हा काढता येतात, हातातलं काही जात नाही. इतकं सरळ आहे. आणि मी इतकी वर्षं ते एकदाही केलं नाही.

का, ते त्या शेडमधून आल्यावर कळलं. मला कुणी शिकवलं नव्हतं पण मी गणपतीच्या क्रमाने जात होतो. सोवळं, उपरणं, दागिने, मुकुट, सगळं झालं की शेवटी डोळे. लहानपणापासून शेडमध्ये तेच बघितलेलं, बाबांचं बोट धरून, बिनडोळ्यांच्या रांगा, आणि डोळे काढणारा माणूस वेगळा, त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. त्याचा हात हजारो डोळ्यांवर बसलेला असतो म्हणून त्याला शेवटी काढणं परवडतं. मी आपला बारा तास एका माणसावर घालवायचो, बुटाच्या लेसपर्यंत, आणि मग तो बारा तासांचा माणूस हातात धरून, दोन श्वासांत सगळं बिघडू शकेल अशा जागी येऊन थांबायचो. आज हात स्थिर नाही. आज उजेड नाही. उद्या रविवार आहे, उद्या बघू. आणि मग तो रांगेत जायचा आणि मी नवीन माणसाचे बूट घ्यायचो, कारण बुटांना कुणी भिंग लावत नाही.

त्यातून यांच्या गोष्टीत म्हणे केडियाच्या, म्हणजे माझ्या गार्डांच्या ग्रहाच्या, लोकांचे डोळे जांभळे असतात. तो ग्रह पण आता गोष्टीत फुटून गेलाय, पण डोळे जांभळे. मी त्यासाठी खास जांभळ्याची बाटली मागवून ठेवलेली, १७ मिलीची, सीलबंद. अर्ध्या मिलिमीटरात जांभळं काय नि काळं काय, कुणाला दिसणार आहे. पण मागवली.

बायकोला हे सगळं सांगितलं. तिचं माहेर जुन्या नाशकात, तिवंध्याजवळ, तिचं म्हणणं मी उगाच मनाला लावून घेतो. म्हणाली आमची रहाड बघ. रंगपंचमीला नाशकात या रहाडी उघडतात, जमिनीतले दगडी हौद, पेशव्यांच्या काळातले, रंगाच्या पाण्याने भरतात आणि लोक त्यात धप्पकन उड्या मारतात. आणि बाकी वर्षभर त्या बंद, वर माती, वरून रस्ता, रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या लागतात, खाली काय आहे बाहेरच्या माणसाला कळत पण नाही. "तिला कोणी बॅकलॉग म्हणतं का?" असं म्हणून ती कुकर लावायला गेली. मला ते त्या क्षणी एकदम पटलं. रात्री झोपताना लक्षात आलं की रहाड दरवर्षी एक दिवस तरी उघडतेच, तारीख ठरलेली असते, आणि माझ्या कपाटाची रंगपंचमी कधी ते मलाच माहीत नाही.

डोळे आधी काढून बघितले एकदा, तेवढ्यात. नवीन माणूस घेतला, अस्तर मारलेला, काळाकुट्ट, आणि पहिलं काम म्हणून डोळे. जमले तसे, बरे जमले. पण मग त्याचे कपडे रंगवायला घेतले तर तो सगळा वेळ माझ्याकडे बघत होता. विचित्र वाटतं हो. काळं ठिक्कर अंग आणि त्यात दोन डोळे, आणि आपण त्याच्या पँटला खाकी लावतोय. अर्ध्यात ठेवून दिला. म्हणजे पद्धत बरोबर आहे, शंभर टक्के बरोबर आहे, आणि माझ्याने होणार नाही. तो बेचाळिसावा झाला.

गणपती बसले, उठले, पितृपक्ष लागला. एका रात्री झोप येईना म्हणून बाल्कनीत बसलो, जुन्यांतला एक घेतला, टेबललॅम्प लावला, ब्रश उचलला, करंगळी अंगठ्याला टेकवली, आणि टोपाखाली बघितलं तर अंधार. ब्रश खाली ठेवला, उजेड. ब्रश उचलला, अंधार. असं दोन-तीनदा केलं मी. लॅम्प माझ्या उजव्या हाताला. प्लगपॉइंट तिकडे आहे म्हणून पहिल्या दिवसापासून तिकडेच. म्हणजे इतकी वर्षं मी ब्रश चेहऱ्याशी नेला की माझ्याच हाताची सावली बरोबर डोळ्यावर पडायची, बुटावर पडली तरी बुटाचं काही बिघडत नाही, बूट मोठा असतो, पण डोळा गायब. आणि मी समजत होतो की हात कापतो. हात कापत नव्हता, मला दिसत नव्हतं. शेडमधलं दार त्या माणसाच्या डाव्या हाताला होतं. मी नेमका तिथे उभा होतो.

रात्री पाऊण वाजता किचनमधला फ्रिजमागचा एक्स्टेन्शन बोर्ड काढला. लॅम्प डावीकडे घेतला, मावळा लॅम्पच्या पायाशी उभा केला, तो बघतच होता. तपकिरी, मळकट पांढरं, उभी रेघ. जांभळी बाटली फोडली, सुईच्या टोकाने सील उचकटावं लागलं, आतला रंग खाली बसून पाणी वर आलेलं, हलवून हलवून मनगट दुखलं. त्या रात्री तीन माणसांचे डोळे झाले. पहिल्याचे जरा मोठे, घाबरलेला वाटतो, पण समोर काय उभं आहे बघता बरोबरच आहे. दुसरा छान. अगदी छान, मी त्याचा फोटो काढून कुणाला पाठवला नाही, नुसता बघत बसलो. तिसऱ्याच्या वेळी मांजर कठड्यावरून उडी मारून आलं आणि रेघ नाकाकडे सरकली, आवरायला गेलो तर दुसरा डोळा कानाकडे. पूर्ण तिरळा. पुसता आला असता, ओलाच होता. नाही पुसला.

सकाळी बाबा आले होते चहाला. तिघांना ओट्यावर बघितलं, काही न बोलता भिंग मागितलं. मी म्हटलं आता शिवण. पहिला बघितला, ठेवला. दुसरा बघितला, जरा जास्त वेळ बघितला, ठेवला. तिसऱ्याला घेऊन खिडकीशी गेले. बाबांची एक आवडती गोष्ट आहे, १८५४ सालचं चार आण्याचं तिकीट, लाल चौकट आणि निळं राणीचं डोकं, दोन रंग दोन फेऱ्यांत छापायचे आणि काही कागदांवर डोकं उलटं पडलं, आज ते उलटं तिकीट लाखांत जातं. ते कलकत्त्याचं, आमची प्रेस त्यानंतर सत्तरेक वर्षांनी आली, हे ते दरवेळी न चुकता सांगतात, म्हणजे चूक आमची नव्हे. त्या दिवशी गोष्ट सांगितली नाही. तिरळ्याला उलटसुलट करून बघितलं, खिडकीच्या कट्ट्यावर एकट्याला उभा केला आणि म्हणाले, "हा वेगळा ठेव."

प्रेसमध्ये शीट वेगळी ठेवायची ती नष्ट करायला. तिकीटं जमवणारे वेगळं ठेवतात ते जपायला. बाबा चहा संपवून गेले आणि मी विचारलं नाही.

एक्स्टेन्शन बोर्डावरून फ्रिज आणि लॅम्प यांचं रोज भांडण होतं, त्यामुळे शीटमधला रकाना काही भराभर हिरवा होत नाहीये, आठवड्याला दोन, एखाद्या आठवड्याला शून्य. अर्ध्या अंगाचा तो बेचाळिसावा ड्रॉवरमध्ये पालथा घातलाय. सेंटिनेल दोन्ही अजून सीलबंद, एकावर एक, हॉलमधल्या कपाटावर, कुठला विकायचा ते ठरलेलं नाही. तिरळ्याला मी टीव्हीशेजारी वेगळा ठेवलाय. त्याचा एक डोळा सोफ्यावर बसणाऱ्याकडे असतो, आणि दुसरा, कसाही फिरवून ठेवला तरी, त्या कपाटाकडे.